घराची पाठ

माझी बदली तेरेखोलला झाली, तेव्हा पेडण्याच्या बाजारात बातमी पोचली ती अशी: हेडमास्तरांची नक्कल केली म्हणून पोरीला फेरीबोटीपलीकडे टाकली. आईला ही बातमी भाजीवालीने दिली आणि वांग्यांवर चार मिरच्या फुकट घातल्या. सांत्वनाच्या. बातमी खोटी नाही. नक्कल मी केली, भर वर्गात केली आणि चांगली केली. पण भांडण नकलेवरून झालं नव्हतं. ते झालं गृहपाठावरून. त्याबद्दल मी तेव्हा माफी मागितली नाही, आताही मागणार नाही. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

नकलांचं म्हणाल तर ती सवय जुनी. पेडण्याच्या शाळेत असल्यापासून मी ज्याच्याशी पाच मिनिटं बोलेन त्याचा आवाज माझ्या तोंडात येऊन बसतो. चोपड्याहून येणारी मासेवाली, म्हापशाच्या बसचा कंडक्टर, देवळातले भटजी. घरी पाहुणे आले की बाबा मला आतल्या खोलीत पाठवायचे, कारण पाहुणे निघून जायच्या आत मी पाहुण्यांसारखी बोलायला लागायची. अशा पोरीला सरकारने शिक्षिका केलं, यात माझा दोष नाही.

पहिली नेमणूक डिचोली तालुक्यात, मयेच्या अलीकडच्या एका गावात. दोन खोल्यांची मराठी शाळा. पहिली-दुसरी हेडमास्तरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मध्ये एक लाकडी पार्टिशन, माझ्या खांद्याइतकं उंच. त्यामुळे माझ्या वर्गात काय चाललंय ते सरांना कळायचं आणि सरांच्या वर्गात काय चाललंय ते आख्ख्या गावाला. मी डिचोलीत मावशीकडे राहायची आणि सकाळच्या बसने यायची. बसमध्ये खाणीवरचे लोक, कारखान्यातले लोक, आणि सगळ्यांच्या कपड्यांवर तीच तांबडी धूळ.

गोवा राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. कोंकणी राजभाषा झाली होती आणि मराठीचं काय, यावर घराघरांत वाद चालू होते. आमच्या घरात बाबा एका बाजूला, काका दुसऱ्या बाजूला. जेवताना दोघं तावातावाने भांडायचे आणि ज्या बोलीत भांडायचे ती दोघांची एकच. हे मी एकदा बोलून दाखवलं तर दोघांनी मिळून मला गप्प केलं.

आमचे हेडमास्तर मराठीचे. कडवे. उंच, पांढरं धोतर, इस्त्रीचा शर्ट, खिशाला लाल पेन. पोर म्हणालं, "सर, म्हजी फाट दुखता," की सर आधी भाषा सुधारायचे. "फाट नव्हे, पाठ. म्हण, माझी पाठ दुखते." पोर म्हणायचं, माझी पाठ दुखते. पाठ दुखायची ती दुखतच राहायची, पण शुद्ध मराठीत. दिवसातून दहा वेळा हा कार्यक्रम. फाट म्हणजे पाठ, उदक म्हणजे पाणी, जनेल म्हणजे खिडकी. पोरांना हे पाढ्यांसारखं पाठ झालं होतं.

पोरं घरी जो अभ्यास करायची त्याला सगळेच 'घरचो अभ्यास' म्हणत. काम एकच: धडा तीन वेळा लिहून आणणे. मी वह्या तपासायला लागल्यावर पाहिलं, तर पोरं आधी पानभर पहिला शब्द खाली खाली लिहायची, मग दुसरा, मग तिसरा. 'एका' वीस वेळा, 'जंगलात' वीस वेळा, 'एक' वीस वेळा, 'सिंह' वीस वेळा. सिंह जंगलात काय करत होता हे एकालाही माहीत नव्हतं. मला राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. मी स्वतः चौथीपर्यंत तसंच लिहीत होते, आणि दोऱ्याने दोन पेनं बांधून एकदम दोन ओळी काढायची युक्ती माझी होती.

एक पोर मात्र लिहीतच नसे. तिसरीतली. आईबाप बेळगावकडचे, बांधकामावर कामाला आलेले. पोरीचे केस तेलाने चप्प, नजर सरळ आपल्या डोळ्यांत. तिकडच्या मुलींची बोलायची रीतच अशी की 'मी आलो, मी गेलो' म्हणणार. वर्ग हसायचा, तिला त्याचं काही नव्हतं.

"अभ्यास का नाही केला गो?" मी विचारलं.

"बाई, त्यो धडा पुस्तकात हायच की."

"मग?"

"मग पुन्यांदा कशाला लिवायचा? पुस्तक हरवलंय का?"

डी.एड.ला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

पण सरांचा नियम होता. अभ्यास केला नसेल त्याने घरी जायचं, लिहायचं आणि मग शाळेत यायचं. गावातल्या पोरांना घर दोन मिनिटांवर, आई घरात. ती धावत जायची, कसंबसं खरडून परत यायची. या पोरीच्या खोलीला कुलूप. आईबाप दोघं कामावर. ती पायरीवर बसून राहायची आणि परत यायचीच नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे अर्धे दिवस साठत चालले. सरांनी मला सांगून टाकलं, "बाई, अशीच राहिली तर महिनाअखेर तिचं नाव कमी करू."

तिचा बाप एकदा शाळेच्या फाटकाशी भेटला. हाताला सिमेंट वाळलेलं. म्हणाला, "बाई, साळा रोज परत धाडती, तर मी तरी काय करू? नाव काढलं तर सोडतो गावाकडं, आज्जीपाशी. तितं शेरडं हाईत, राखंल."

हे तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. तो बसचं वेळापत्रक सांगावं तसं बोलला. पोर बाजूला उभी राहून ऐकत होती, आणि पहिल्यांदाच तिने माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघितलं. महिना संपायला तीन आठवडे होते.

त्याच आठवड्यात सरांनी एक शब्द आणला. "घरचो अभ्यास हे काय मराठी आहे? फळ्यावर 'गृहपाठ' असं लिहीत चला." मी लिहिलं: 'गृहपाठ'. पुढे काय द्यायचं ते लिहिणार तेवढ्यात घंटा झाली, पोरं दप्तरं उचलून पळाली, आणि मलाही बस गाठायची होती. फळ्यावर तो एकटा शब्द राहिला.

दुसऱ्या दिवशी तिसरीतला एक बारका पोरगा वही घेऊन आला. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे बोलताना वारा सुटायचा.

"बाई, गृहपाठ हाडला."

"कुठला गृहपाठ? मी दिलाच नव्हता."

"फळ्यार बरयला न्हय तुमी," तो म्हणाला. आमच्याकडे लिहिण्याला 'बरोवप' म्हणतात.

वही उघडली. त्याने लिहिलं होतं: 'घराची पाठ. घराच्या पाठीवर बांय आहे. बांयकडे कपडे धुवायचा दगड आहे. दगडावर आई कपडे धुते आणि एकटीच बोलते. कोणाशी बोलते ते मला माहीत नाही. मी विचारले तर म्हणते, तुझ्या बापाशी. बाबा तेव्हा कामावर असतात.'

बांय म्हणजे विहीर. मी दोनदा वाचलं. मग माझ्या लक्षात आलं आणि मी खुर्चीत बसूनच हसले. धड्याखालच्या शब्दार्थात होतं, गृह म्हणजे घर. पाठ म्हणजे फाट, हे तर सरांनी रोज घोकून घेतलेलं. गृहपाठ म्हणजे घराची फाट, घराची मागची बाजू. पोराने एकही गोष्ट चुकीची शिकलेली नव्हती. शाळेने जे दिलं ते सगळं जोडून त्याने उत्तर काढलं होतं. असली चूक करायला पोर डिचोलीचंच असावं लागतं आणि शिकवणारे आमच्या सरांसारखे.

आणि खरं सांगू, सहा महिन्यांत मी वाचलेला तो पहिला गृहपाठ होता. त्याआधी मी नुसत्या बरोबरच्या खुणा करत होते.

मी वर्गाला सांगितलं, "आजपासून गृहपाठ हाच. घराच्या मागे जा. बघा, ऐका, लिहून आणा. जसं ऐकाल तसंच लिहा. रोज पाच ओळी पुरे."

चौथीतली एक शहाणी म्हणाली, "बाई, परीक्षेत येणार?"

"परीक्षेत तुझ्या घराची मागची बाजू? देव करो आणि न येवो."

पुढचे पंधरा दिवस मी वह्या तपासायला बसले की मावशी जेवायला हाका मारून थकायची. एका पोरीने लिहिलं की आईने पांढरी चादर मागे वाळत घातली की संध्याकाळी ती तांबडी होते, म्हणून आईने आता तांबडीच चादर घेतली आहे. एकाने लिहिलं की आजोबांचा हुकूम आहे, घरात पाव आणायचा नाही. म्हणून पाववाला पुढे भोंपू वाजवत नाही, मागच्या दारी येऊन खोकतो. आजी उंडे, म्हणजे गोल पाव, घेते आणि तांदळाच्या डब्यात लपवते. आजोबा चहाबरोबर रोज उंडा खातात आणि रोज विचारतात, हे काय आहे. आजी म्हणते, बिस्किट.

गणितही तिथेच घेतलं. मागच्या दारापासून विहिरीपर्यंत तुझी पावलं किती, आईची किती? बहुतेकांच्या आईची पावलं जास्त निघाली. मी विचारलं, असं कसं, मोठ्या माणसाची कमी पाहिजेत. तर एक म्हणाला, "कळशी भरलेली असली की ती बारीक बारीक चालते बाई." मग आम्ही रिकाम्या कळशीची वेगळी मोजली आणि वजाबाकी केली. वजाबाकी न येणारी चार पोरं त्या दिवशी मोजून मोजून भांडत होती.

शनिवारी शेवटच्या तासाला मी वह्या मोठ्याने वाचायची. आणि मी वाचणार म्हणजे आवाज काढणार. आजीचा आजीसारखा, पाववाल्याचा खोकून. पोरं लोळायची. कोणाची आई मला भेटली नसेल तर पोरगं येऊन सुधारायचं: "बाई, आमची आई अशी नाय बोलत, ती नाकातून बोलते." दुसऱ्या शनिवारी नाकातून.

गावात ओरड झाली नाही असं नाही. एक आई सोमवारी फाटकाशी थांबली होती. "बाई, तुमी आमचें फाटलें दार कित्याक उगडटात?" आमचं मागचं दार तुम्ही का उघडता, असा सवाल. ती बरोबर होती. तेव्हापासून नियम केला: घरच्यांना विचारून लिहायचं, आणि वहीच्या कोपऱ्यात फुली असेल ते मी मोठ्याने वाचणार नाही. फुल्यांचं प्रमाण फार नव्हतं. आयांना आपला आवाज ऐकायला आवडतो.

पार्टिशनपलीकडे सर होतेच. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. रोज काय शिकवणार ते नोंदवायच्या टाचणवहीत मी लिहिलं होतं, 'गृहपाठ: घराची पाठ'. त्याखाली लाल शाईने: 'असा गृहपाठ चालणार नाही. धडा तीन वेळा.'

"बाई, तुमच्या वह्यांत कोंकणी शिरली आहे."

"सर, ती आधीपासून तिथेच होती. फक्त वहीत नव्हती."

"उद्यापासून धडा."

"बरं सर," मी म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर तोच शब्द लिहिला. गृहपाठ. त्यांनीच सांगितलेला. पुढे काहीच लिहिलं नाही. पोरांना कळायचं ते कळत होतं.

या सगळ्यात बेळगावची पोर पहिले दोन आठवडे काहीच लिहून आणेना. मी तिला परत पाठवत नव्हते, पण सर दारात उभे राहून वह्या बघत आणि कोरी वही दिसली की तिला घराकडे बोट दाखवत. एक दिवस मी तिला जवळ घेऊन विचारलं, "हा तर पुस्तकात नाही ना? मग हा का नाही लिहीत?"

"आमच्या घराला पाठ न्हाई, बाई."

पोरं हसली. दात पडलेला म्हणाला, "सगळ्या घराक फाट आसता."

"न्हाई आमच्या. आमी पाठीतच ऱ्हातो की. सरांच्या."

आता सगळ्यांना आठवलं. सरांच्या घरामागे चार खोल्या काढलेल्या होत्या, कामगारांना भाड्याने द्यायला. तिच्या खोलीला एकच दार, आणि ते सरांच्या मागच्या पायरीसमोर उघडायचं. मीही तो सगळा नकाशा जाणून होते, पण कधी त्या बाजूने विचार केला नव्हता. बाकीची पोरं पाठीकडे जाऊन बघत होती. ही तिथेच जन्म काढत होती.

"मग बरंच झालं," मी म्हटलं. "तुला जायलाच नको. बसल्या जागी लिही."

महिन्याचा शेवटचा शनिवार आला. सकाळी तिने वही आणून दिली. दोन पानं, दोन्ही बाजूंनी. कोपऱ्यात फुली नव्हती. इथे मी चूक केली ती कबूल करते: मी ती आधी वाचली नाही. इतक्या दिवसांनी पोरीने लिहिलं याचाच आनंद झाला होता. सरळ शेवटच्या तासाला उघडली आणि वाचायला लागले.

'आमी पाठीत ऱ्हातो. पाठीत चार खोल्या आन एक नळ हाय. सकाळी मागचं दार उघडतं आन सर येत्यात. सरांच्या अंगात बनेल असतो. पुढच्या दारात सर मोठे दिसत्यात. मागच्या दारात बारीक दिसत्यात. सर म्हणत्यात, आगो, च्या जाली गो?'

आता सरांचं वाक्य आलं आणि माझा घसा माझा राहिला नाही. सरांचा आवाज खर्जातला, शेवटचा शब्द लांबवायचा. तो जसाच्या तसा बाहेर आला. फक्त त्या आवाजात आजवर शुद्ध मराठीच ऐकलेली होती. 'च्या जाली गो' ऐकून पोरं बाकांवर पडली.

मी तेव्हाच थांबायला हवं होतं. पण हसणाऱ्या वर्गापुढे थांबणं माझ्या रक्तात नाही.

'मग सर नातवाला पायरीवर बसवत्यात. नातू इंग्लिश साळंत जातो. सर त्याला पाठांतर घालत्यात. एका शब्दाचं स्पेलिंग सरांना आलं न्हाई. सरांनी इकडंतिकडं बघितलं. मी नळावर हुतो. मी भांडी घासत ऱ्हालो. मग सर म्हणाले, इंग्लीश शिकलो जाल्यार मनीस जातलो, ना जाल्यार म्हज्या भशेन मास्तर जावन उरतलो.'

इंग्रजी शिकलास तर माणूस होशील, नाहीतर माझ्यासारखा मास्तर होऊन राहशील. हे मी सरांच्याच आवाजात बोलले. वाक्य संपेपर्यंत वर्ग गप्प झाला होता. पोरांना काय कळलं सांगता येत नाही, पण कोणी हसलं नाही. मी वर बघितलं. पार्टिशनवरून सरांचं डोकं दिसत होतं.

पोरं गेल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. पंखा नव्हता, माशा होत्या.

"आपण माझी नक्कल केलीत."

"हो सर."

"वर्गात."

"हो सर. तुमच्यासमोर करायचं धाडस नव्हतं."

ते हसले नाहीत. "त्या मुलीची वही द्या. आणि उद्या रविवार. सोमवारी पहिली तारीख. नव्या पानावर तिचं नाव येणार नाही. गैरहजेरी किती झाली, तुम्हीच मोजा."

"मोजली सर. सगळे अर्धे दिवस तुम्ही परत पाठवलेले आहेत."

"गृहपाठ केला नव्हता म्हणून."

"आता केलाय. दोन पानं."

"याला गृहपाठ म्हणत नाहीत."

"सर, शब्द तुम्ही आणलात. अर्थ पोरांनी तुमच्याकडूनच शिकला. आता तो आवडला नाही म्हणून पोरीचं नाव काढायचं असेल तर काढा. पण शेऱ्यात कारण लिहा. सरांच्या घराची पाठ लिहिली म्हणून, असं लिहा. खाली मी सही करते."

माझा आवाज कापत होता. कुणाचाच नव्हता तो, माझाच होता, आणि मला तो फारसा ओळखीचा नाही.

सरांनी वही ओढली आणि लाल पेन काढलं. सवयच ती. 'हुतो' खोडून 'होते' केलं. 'ऱ्हालो'चं 'राहिलो' केलं, मग तेही खोडून 'राहिले' केलं. 'बनेल'चं 'बनियन'. असं करत करत ते त्या वाक्यापाशी आले. पेन तिथे थांबलं.

"हे कोंकणी आहे," ते म्हणाले.

"हो सर. तेवढंच शुद्ध आहे सगळ्यात. बघा, एक काना-मात्रा चुकलेली नाही."

त्यांनी बघितलं.

"तिला कोंकणी येत नाही सर. घरी त्यांची बोली वेगळी. न येणाऱ्या भाषेतलं वाक्य तिने नळावर भांडी घासता घासता ऐकलं आणि शाळेत शिकलेल्या अक्षरांत बरोब्बर उतरवलं. तुम्ही रोज श्रुतलेखन घेता. असं एक तरी पोर तुम्हाला मिळालंय का?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "सगळ्यांनी ऐकलं?"

"चौतीस जणांनी."

"जा तुम्ही," ते म्हणाले. "बस चुकेल."

वही त्यांनी ठेवून घेतली.

रविवारी मी त्या खोल्यांकडे गेले. घरात राहून मला चैन पडलं नसतं. सरांच्या अंगणातून जायला नको म्हणून कुंपणाच्या बाजूने वळसा घातला. नळावर पोर बसली होती, मला बघून उठली नाही. बाप खोलीच्या दारात. आत एक पत्र्याची पेटी उघडी, तिच्यात तिचे दोन फ्रॉक घडी करून ठेवलेले.

"बाई, काय लिवलं वो हिनं सरांवर?" तो हळू आवाजात म्हणाला. "खोली जाईल की आमची. कारखान्यावरच्या लोकास्नी बी जागा घावत न्हाई, दोन-दोन म्हैने फिरत्यात."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी वर्गाला हसवत होते आणि या माणसाचं छप्पर त्या हसण्याखाली होतं. मला लाज वाटली. ती त्याच्यापुढे वाटली, सरांपुढे नव्हे, आणि हा फरक मी आजही सोडलेला नाही.

"काही खोटं नाही लिहिलं," मी म्हटलं. "चूक माझी. वाचलं मी."

मग मीच विचारलं, "सर काय बोलले तुम्हाला?"

"काय न्हाई. सकाळपास्नं मागचं दारच उघडलं न्हाई त्यांनी. आतनं पोराचा आवाज येतोय, एबीशीडीचा. बाहेर कोन न्हाई." तो जरा थांबला. "उद्या सकाळच्या गाडीनं धाडतो हिला. मामा हाय सोबतीला."

"गाडी कितीची?"

"नवाची."

"शाळा साडेसातला भरते. हजेरी होईपर्यंत थांबा. नाव नसेल तर मी स्वतः तिला गाडीत बसवते."

पोर नळावरून म्हणाली, "मला शेरडं आवडत न्हाईत." कोणालाच उद्देशून नव्हे. भांडी घासत होती.

सोमवारी मी पहिल्या बसने गेले. फाटकाशी बाप, पोर आणि ती पत्र्याची पेटी. मामा लांब उभा राहून विडी ओढत होता. सरांचा वर्ग भरला होता, पलीकडून पहिलीचा अआइई चालू होता. माझ्या टेबलावर तिसरी-चौथीचा हजेरीपट. दर महिन्याचं नवं पान सर स्वतः लिहीत, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. शेजारी तिची वही. मी आधी वही उघडली. बाकीच्या दुरुस्त्या होत्या तशा. त्या वाक्याला हात लावलेला नव्हता. खाली तारीख आणि सही, शेरा नाही.

मग पान उलटलं. मुलांची नावं झाली, मुलींची सुरू झाली. एकोणीस, वीस, एकवीस. बाविसाव्या नंबरावर ती होती. सरांच्या वळणदार अक्षरात, पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव. घाईत नव्हे, सावकाश लिहिलेलं.

मी दारात जाऊन बापाला हात केला. तो पायरीपर्यंत आला, आत आला नाही.

"हाय?"

"आहे."

"मग पेटी घरी टाकून कामावर जाऊ?"

"जा."

त्याने पोरीकडे बघितलं. ती केव्हाच आत येऊन तिच्या जागी बसली होती आणि दात पडलेल्याला विचारत होती, आजचा गृहपाठ काय आहे.

मी हजेरी घ्यायला पुन्हा पट उघडला, आणि तेव्हा दिसलं. सरांनी तिच्या आडनावातला 'ळ' 'ल' केला होता. बेळगावकडचं आडनाव, सरांच्या कानाला अनोळखी. पार्टिशनपलीकडे ते पहिलीला सांगत होते, शुद्ध लिहा, सावकाश लिहा. त्यांचं लाल पेन माझ्या टेबलावर विसरलेलं होतं. मी ते उचललं, 'ल' खोडला, वर नीट, ठळक 'ळ' काढला, आणि पट उघडाच त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला.